काचेवरचा जमादार

पुंडलिकनगरातल्या ‘जमादार निवास’ची पाटी काळ्या ग्रॅनाइटची आहे आणि अक्षरं सोनेरी. घराला रंग देऊन बरीच वर्षं झाली, जिन्याच्या कठड्याचं सिमेंट हात लावला तर हातात येतं, पण पाटी दर दिवाळीला स्टुलावर चढून पुसली जाते. पुसते सरिताबाई. काकासाहेब खाली अंगणात उभे राहून बोट दाखवतात, ‘‘त्या ‘ज’च्या खाली धूळ राहिली बघ.’’ धूळ राहिलेली नसते. पण कुठंतरी काहीतरी कमी पडलंय हे दुसऱ्याला दाखवून दिल्याशिवाय या माणसाला अन्न पचत नाही, हे सरिताबाईला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तेव्हापासून ती ‘ज’च्या खालून उगीच एकदा फडकं फिरवते आणि खाली उतरते.

काकासाहेब जमादार म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. एका खाजगी शाळेत हेडक्लार्क होते, तिथूनच रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी मिळालेली शाल पॉलिस्टरची निघाली म्हणून आजतागायत शाळेच्या नावानं बोटं मोडतात. गावाकडं, म्हणजे चौका गावाच्या पुढं, थोडी जमीन आहे, ती बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेली. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ अख्ख्या शहराला तुच्छ लेखत आला. गुलमंडीवरचे कापडवाले त्यांच्या हिशेबी लबाड, वाळूजला कंपनीत जाणारे हमाल, बजाजनगरात राहणारे खुराड्यातले, आणि गावाकडं राहून शेती करणारे अडाणी. स्वतःचा मुलगा विश्वजीत वाळूजच्याच एका कंपनीत क्वालिटी खात्यात होता, पण तो मात्र ऑफिसर. मग खानदानी कोण, असं कुणी विचारलंच तर उत्तर द्यायचं नाही, नुसती मिशीवरून तर्जनी फिरवायची. मिशी तरी कुठं धड होती! डाव्या बाजूला विरळच.

हा सगळा डोलारा उभा होता आजोबांवर. सखाराम जमादार. निजामाच्या राज्यात पोलिसात जमादार होते, म्हणजे शिपायांवरचे, हवालदारांच्याही वरचे अंमलदार, म्हणून घराण्याला ते नाव पडलं. कमरेला तलवार आणि बसायला घोडा. सरिताबाई नवी नवरी होती तेव्हा गोष्टीत तलवार होती, घोडा भाड्याचा होता. विश्वजीत जन्मला त्या सुमारास घोडा घरचा झाला. तो शाळेत जायला लागला तेव्हा घोडा पांढरा झाला, आणि गेल्या काही वर्षांत तो घोडा खुद्द निजामानं खूश होऊन दिलेला होता. गोष्ट ऐकताना सरिताबाईचा चेहरा अगदी सरळ असायचा. पोटात मात्र ती म्हणायची, थांब जरा, पुढच्या वर्षी हत्ती येतो की नाही बघ.

पोटात बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती माळीवाड्याकडची, तिथली माणसं फटकळ, पण सासरी आल्यावर तिनं फटकळपणा गिळला आणि तो आत मुरत गेला. नवरा जेवायला बसला की ती वाढताना मनातल्या मनात त्याची नक्कल करायची. त्याला ती घाबरत नव्हती. त्याची तिला कीव यायची, आणि कीव जरा जुनी झाली की तिचा तिटकारा होतो, तसं झालं होतं. सकाळी घंटागाडी यायची. गाडीवर कडूबाई नावाची बाई होती, वयानं सरिताबाईएवढीच. काकासाहेबांनी कधी तिचं नाव विचारलं नाही. ‘‘ए घंटागाडी,’’ अशी तिलाच हाक मारायचे, आणि कचऱ्याची पिशवी तिच्या हातात न देता फाटकाबाहेर जमिनीवर ठेवून मागं सरकायचे, जणू कडूबाई चावणार होती. कडूबाई वाकून पिशवी उचलायची. सरिताबाई खिडकीतून बघायची, मनात नवऱ्याला एक सणसणीत शिवी हासडायची, आणि भाजी ढवळायला वळायची.

एका गोष्टीत मात्र पोटात बोलून भागत नव्हतं. विश्वजीत चौतीस वर्षांचा झाला आणि लग्न जमत नव्हतं.

जमत नव्हतं म्हणण्यापेक्षा काकासाहेबांनी जमू दिलं नव्हतं. ‘लेव्हल’ हा त्यांचा शब्द. सुरुवातीला स्थळं रांगेनं येत होती. एका मुलीच्या बापाची पिठाची गिरणी निघाली. ‘‘अंगावर सारखं पीठ. आपली लेव्हल नाही.’’ दुसरीचा मामा रिक्षा चालवायचा. तिसरीच्या घरी पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात दिला. चौथी फार शिकलेली, पाचवी कमी. मुलगा तिशीच्या पुढं गेला तशी स्थळं कमी झाली, आणि मग ज्यांना यांनी नाकारलं होतं त्यांच्या धाकट्या बहिणींचीही लग्नं होऊन गेली. आता मध्यस्थ फोन उचलेनासे झाले होते. विश्वजीत कंपनीतून यायचा, जेवायचा, मोबाइल घेऊन पडायचा. त्याच्या बरोबरीच्या मित्रांची पोरं शाळेत जात होती. सरिताबाईला रस्त्यात कुणी ‘‘विश्वजीतचं काय?’’ असं विचारलं की ती रस्ता बदलायची. तिला सून हवी होती, आणि त्याहून जास्त, या घरात पोराचं आयुष्य असंच वाळून जाऊ नये असं वाटत होतं. तेवढं एक झालं असतं तर बाकी सगळं तिनं माफ केलं असतं.

शेवटी काकासाहेबांनी एक वास्तूवाला गाठला. वास्तूवाल्याला ते ढोंगी म्हणायचे, पण त्याचं ऐकायचे. तो म्हणाला, ईशान्य कोपरा कोरडा पडलाय, तिथं माशांची टाकी ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा, वर्षाच्या आत कार्य होईल. म्हणून दोघं नवरा-बायको गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माशांच्या दुकानात गेले.

दुकानदार मोईनभाई पान खात बसला होता. त्यानं काचेची टाकी दाखवली, आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा पिशवीत भरून दिला, आणि काकासाहेब निघणार इतक्यात म्हणाला, ‘‘साब, एक जमादार भी लेके जाव.’’

काकासाहेब जागच्या जागी वळले. ‘‘क्या बोला?’’

‘‘जमादार, साब. ये देखो.’’ त्यानं कोपऱ्यातल्या टाकीकडं बोट केलं. काचेला एक काळपट, बोटभर मासा तोंडानं चिकटला होता. अंगावर खवल्यांच्या जागी हाडाच्या चकत्या एकीवर एक बसवलेल्या, जुन्या लोखंडी चिलखतासारख्या. पोटाकडं बघावं तर नुसतं एक गोल तोंड, काचेवर दाबून बसवलेलं, आणि ते सारखं हलत होतं. ‘‘नाम तो सकर है. मगर सब जमादारइच बोलते. पूरा काँच चाटके साफ रखता, नीचे का कचरा खाता. झाडूवाला है ना ये टाकी का.’’

काकासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘‘चल,’’ ते बायकोला म्हणाले. पण सरिताबाई हलली नाही. टाकी कोण धुणार हे तिला माहीत होतं. आणि दुसरंही एक कारण होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नसतं. तिला आतून हसण्याची अशी उकळी फुटली होती की पदर तोंडाला लावावा लागला.

‘‘द्या एक जमादार,’’ ती मोईनभाईला म्हणाली.

घरी आल्यावर तिनं हे नाव असं काही चालवलं की बघत राहावं. ‘‘जमादारांनी आज काही खाल्लं नाही.’’ ‘‘जमादार तोंड लपवून बसलेत.’’ ‘‘विश्वा, जमादाराला काकडीची फोड टाक रे.’’ काकासाहेब पेपरच्या आडून गुरगुरायचे. त्यांनी फर्मान काढलं, याला सरदार म्हणायचं. कुणी म्हटलं नाही. विश्वजीतला पण यात गंमत वाटायची. आईनं ‘जमादार’ म्हटलं की तो वडिलांकडं न बघता आईकडं बघायचा, आणि दोघांच्या ओठांचे कोपरे तेवढे हलायचे. त्या घरात माय-लेकांना एवढीच करमणूक होती. विश्वजीतनं मोबाइलवर वाचून सांगितलं, हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला मासा, पाण्याबाहेर काढला तरी कितीतरी वेळ मरत नाही. ‘‘तिकडून इथं पुंडलिकनगरात कशाला आला म्हणावं?’’ सरिताबाई म्हणाली.

पहिले काही महिने त्यानं काच खरंच चाटली. मग तो वाढायला लागला. मोईनभाईनं हे सांगितलं नव्हतं. हिवाळा संपेस्तोवर तो वितीएवढा झाला आणि पुढच्या पावसाळ्यात कोपरापासून मनगटापर्यंत. वाढला तसं त्यानं काम सोडलं. दिवसभर दगडी पुलाच्या आड पडून राहायचा, कुणी टाकीपाशी आलं की पाठीवरचा पंखा ताठ उभा करायचा. शेवाळ काचेवर तसंच. ज्याला सफाईला आणला त्याच्या शेपटीमागून दोऱ्यासारखी लांब विष्ठा लोंबत असायची, आणि टाकीतली सगळ्यांत जास्त घाण त्याचीच. पुढं पुढं तर तो झोपलेल्या गोल्डफिशच्या कुशीला तोंड लावून त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओढून खायला लागला. सोनेरी मासे एकेक करून उलटे तरंगायला लागले. आठाचे तीन राहिले. काळा तर कधीच गेला.

काकासाहेबांना आता मात्र तो आवडायला लागला होता. पाहुणेरावळे त्याच्याकडं बघून ‘अबब’ करायचे, ते त्यांना सुखवायचं. ‘‘बघा, कसा रुबाबात पडलाय,’’ ते म्हणायचे. काम काडीचं नाही, अंगावर चिलखत, तोंड सदा दुसऱ्याला चिकटलेलं, आणि घाण निस्तरायला मी, सरिताबाई बादलीनं पाणी काढताना मनात म्हणायची. आपण हे नेमकं कुणाबद्दल म्हणतोय हे तिला ठरवावं लागत नव्हतं.

वास्तूवाल्याचं वर्ष उलटून गेलं आणि मग एका वधू-वर मेळाव्यात विश्वजीतला मोनिका भेटली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची, बत्तीस वर्षांची, बोलायला मोकळी. फोन सुरू झाले. विश्वजीत जेवताना मोबाइल बाजूला ठेवून आईशी बोलायला लागला, भाजीत मीठ कमी आहे असंही एकदा म्हणाला. सरिताबाईला इतकं बरं वाटलं की तिनं दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीठ कमी टाकलं.

मोनिकाचे वडील बद्रीनाथ गावंडे महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होते.

‘‘कचरेवाला,’’ काकासाहेब म्हणाले. ‘‘कचऱ्यावर जगलेल्या घरातली पोरगी. ह्यॅः!’’

पण या वेळी दुसरं स्थळच नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. ‘‘येऊन तर जाऊ द्या,’’ सरिताबाई म्हणाली. काकासाहेब दोन दिवस फुगून बसले आणि मग त्यांनी उदारपणे परवानगी दिली. एक अट घातली. आपलं घराणं काय आहे हे त्या लोकांना कळलं पाहिजे. त्यासाठी गावाकडून द्वारकाआत्याला आणायचं ठरलं. द्वारकाआत्या काकासाहेबांच्या वडिलांची बहीण, सखाराम जमादारांची शेवटची जिवंत लेक. नव्वदीला टेकलेली, पाठीत वाकलेली, डोकं मात्र शाबूत. तिला गादीवर मधोमध बसवलं की घराण्याला वजन येईल असा काकासाहेबांचा हिशेब होता.

रविवारी सकाळी पाहुणे आले. बद्रीनाथ, त्यांची बायको आणि मोनिका. बद्रीनाथ बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सोफ्याच्या अगदी कडेला बसला, आपल्यामुळं सोफा मळेल असं वाटत असल्यासारखा. सरिताबाईनं पोहे दिले. बद्रीनाथनं पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, ‘‘ताई, झ्याक झाल्यात.’’ या घरात तिच्या स्वयंपाकाला असं कुणी शेवटचं कधी म्हटलं होतं, ते तिला आठवेना. तिथंच तिनं मनात सोयरीक पक्की केली.

काकासाहेब खुर्चीत मागं रेलून बसले होते, पायावर पाय. ‘‘तुमची ड्यूटी म्हणजे नेमकं काय हो? कचरा मोजायचा?’’

‘‘मोजायचा, उचलायचा, बोलनी खायची,’’ बद्रीनाथ हसत म्हणाला. ‘‘समदंच.’’

मोनिका उठून टाकीपाशी गेली. तो धिप्पाड मासा त्या दिवशी नेमका समोरच्या काचेला चिकटला होता, गोल तोंड उघडमीट करत. ‘‘बाप रे, केवढा आहे हा! याचं काही नाव ठेवलंय का?’’

विश्वजीतला तिनं काहीतरी विचारलं याचाच इतका आनंद झाला होता की त्यानं विचार केला नाही. ‘‘जमादार,’’ तो म्हणाला.

मोनिका फसकन हसली. तिची आई हसली. बद्रीनाथला तर ठसकाच लागला. ‘‘आयला! म्हंजी दारावर बी जमादार आन टाकीत बी जमादार!’’

त्यात वाईट काही नव्हतं. कुणी सरळ माणूस असता तर त्यानंही हसून घेतलं असतं. काकासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. ‘‘ही त्या दुकानदाराची भाषा आहे. झाडूवाल्याला जमादार म्हणतात, ते हलक्या लोकांत. आमचं जमादार वेगळं. आमचे आजोबा निजामाच्या पोलिसात जमादार होते, घोड्यावरून फिरायचे. आमच्या सात पिढ्यांत झाडूला कुणी हात लावलेला नाही.’’

बद्रीनाथच्या चेहऱ्यावरचं हसू निम्म्यात थांबलं, आणि त्याला ते पुरं करावं की पुसावं हे कळेना.

‘‘कोन पोलिसात व्हतं?’’ गादीवरून द्वारकाआत्या म्हणाली.

‘‘आजोबा, आत्या. तुमचे वडील,’’ काकासाहेब जरा मोठ्यानं म्हणाले.

‘‘माझा बाप? आरं, तो कव्हा गेला पोलिसात?’’ म्हातारीनं तोंडातला पोह्याचा घास सावकाश गिळला. ‘‘छावनीत व्हता त्यो. गोऱ्या सायबाच्या लायनीत झाडूवाल्यायवर जमादार व्हता. पहाटं शिट्टी फुकायचा, मंग समदे झाडूवाले रांगंत उभे ऱ्हायचे. येखादा आला नाय तं सोता झाडू घ्यायचा हातात. लई इमानदार मानूस.’’

‘‘आत्या...’’

‘‘आन घोडा होता का, आजी?’’ मोनिकानं विचारलं. तिचे डोळे चमकत होते, पण त्यात टवाळी नव्हती.

‘‘घोडा कुठला, बाई! मैल्याची बैलगाडी असायची, तिच्यावर बसून घरी यायचा. आई त्याला भाईरच आंगूळ घालायची, मंगच घरात घ्यायची. आमी पोरी पानी वतायचो.’’ म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. ‘‘आमची जिमीन त्याच पगारातून झाली. पोलीस तं ह्याच्या बापानं केला माझ्या बापाला, ह्याला शाळंत घालताना. मला म्हनला, आक्का, कुनाला बोलू नको. मी कशाला बोलंन? आता तुमीच ईचारलं.’’

सरिताबाई स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. एवढ्या वर्षांचा तो घोडा डोळ्यांसमोर मैल्याच्या गाडीला जुंपलेला बघून तिच्या पोटात हसण्याचा असा लोट उठला की ट्रेमधले चमचे वाजले. आणि तेवढ्यात बद्रीनाथ उठला. त्याचा गोल चेहरा फुलून आला होता. तो सरळ गादीपाशी गेला आणि वाकून द्वारकाआत्याच्या पाया पडला.

‘‘म्हंजी आजोबा आमच्याच खात्यातले की! आवं, मी बी आधी मुकादम म्हनूनच लागलो. पहाटं शिट्टी वाजवीत उभा ऱ्हायचो, सेम टू सेम.’’ तो काकासाहेबांकडं वळला आणि त्यानं हात पुढं केला. ‘‘पाव्हनं, मंग तं सोयरीक जुनीच निघाली म्हना!’’

आता फक्त हसायचं होतं. हात हातात घ्यायचा होता. एवढं मोकळं, एवढं स्वच्छ मन घेऊन एक माणूस समोर उभा होता, आणि त्याच्या मागं मोनिका हसऱ्या डोळ्यांनी विश्वजीतकडं बघत होती. हसा हो, सरिताबाई मनात म्हणाली. आयुष्यात एकदा हसा. तुमच्या बापानं मारलेली थाप होती, तुमचं काय गेलं त्यात?

काकासाहेबांनी त्या हाताकडं बघितलं आणि आपला हात खुर्चीच्या मुठीवरून उचलला नाही.

‘‘म्हातारीला भ्रम झालाय,’’ ते म्हणाले. ‘‘सरिता, आत ने तिला. आणि हे बघा गावंडे, तुमच्या खात्याशी आमचं काही नातं नाही. लावूही नका. तुम्ही घर बघायला आलात, ठीक आहे. पण प्रत्येकाची एक लेव्हल असते.’’

बद्रीनाथचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग त्यानं तो मागं घेतला आणि शर्टाला पुसला. पुसायची गरज नव्हती, पण त्याला दुसरं काही सुचलं नसावं. सरिताबाईला त्या क्षणी आपल्या नवऱ्याची जेवढी किळस आली तेवढी कधी आली नव्हती. शब्द तिच्या जिभेवर तयार होते, एकाहून एक धारदार, कित्येक वर्षं घासून ठेवलेले. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला, द्वारकाआत्याच्या काखेत हात घातला आणि तिला उठवलं. उठवताना तिनं विश्वजीतकडं बघितलं. तो मान खाली घालून बसला होता, टीपॉयवरच्या काचेकडं बघत. त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला होता.

‘‘म्या काय वंगाळ बोलले का, सरे?’’ आत आल्यावर आत्यानं विचारलं.

‘‘नाही आत्या. खरंच बोललात.’’

बाहेर खुर्च्या सरकल्या. बद्रीनाथ दारापाशी थांबून आतल्या दिशेनं म्हणाला, ‘‘येतो, ताई.’’ आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच सरिताबाईला जास्त लागलं. विश्वजीत त्यांना सोडायला चौकापर्यंत गेला. काकासाहेबांनी टीव्ही लावला आणि थोड्या वेळानं ओरडून सांगितलं, ‘‘बरं झालं, वेळेवर कळलं कसले लोक आहेत ते. चहा टाक.’’

सरिताबाईनं चहा टाकला. साखर घालताना तिला आशा होती. पोरं आता शिकली-सवरलेली आहेत, बापाच्या बोलण्यावर कोण लग्न मोडतं? विश्वजीत तिला समजावील. वेगळं राहतील म्हणावं, बजाजनगरात एक खोली घेतली तरी चालेल. मी जाऊन बद्रीनाथच्या बायकोचे पाय धरीन. चहा उतू जायला आला तेव्हा विश्वजीत आत आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला.

‘‘काय झालं?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही म्हणाली.’’

‘‘यांच्यामुळं.’’ सरिताबाईनं गॅस बंद केला. ‘‘तुझ्या बापाच्या जिभेला हाडच नाही. चांगलं दारात आलेलं सुख लाथाडलं मेल्यानं. मला ठाऊक होतं, हा माणूस...’’

‘‘पप्पांमुळं नाही, आई.’’

तिनं उचललेली गाळणी खाली ठेवली.

‘‘मोनिका म्हणाली, तुझ्या पप्पांसारखे लोक आमच्या बाबांना रोजच भेटतात, त्यांचं आम्हाला काही वाटत नाही. म्हणाली, माझे बाबा हात पुढं करून उभे होते आणि तू तिथं बसला होतास. आणि तुला मनातल्या मनात तुझ्या पप्पांचं हसू येत होतं, ते मला दिसलं. मला असा नवरा नको.’’

‘‘मग तू काय म्हणालास?’’

‘‘काय म्हणणार? काही नाही.’’

बाहेर टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. विश्वजीतनं हॉलच्या दिशेनं एकदा बघितलं, ओठ वाकडे केले, आणि वडिलांना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात त्यांना एक शिवी दिली. शिवी सरिताबाईचीच होती. तिनं ती कधी मोठ्यानं उच्चारली नव्हती, असं तिला आजपर्यंत वाटत होतं.